मशीन आहे, मग बाळाची छाती का नाही बघत?

सोनोग्राफी म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? गरोदर बाई, अंधारी खोली आणि भिंतीवर गर्भलिंग निदान होत नसल्याची पाटी. बरोबर ना? पण हेच मशीन खोकणाऱ्या बाळाच्या छातीवरही ठेवता येतं.

थंडीत एखाद्या बाळाचं पोट उडायला लागतं आणि घरचे किनवटहून नांदेड, उदगीरहून लातूर गाठतात. डॉक्टर आधी श्वास मोजतात. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे मिनिटाला ५० किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असतील, तर न्यूमोनियाचा संशय. मग एक्स-रे. ऑक्सिजनवरचं बाळ उचलून न्यायचं, रडत असताना घट्ट धरायचं. सोनोग्राफीत मशीनच खाटेपाशी येतं. बाळ आईच्या मांडीवरच असतं आणि रेडिएशन नसल्याने उद्या पुन्हा बघता येतं.

हवेने भरलेल्या निरोगी फुप्फुसाच्या पडद्यावर आडव्या रेषा दिसतात. पाणी साचलं की उभ्या, चमकदार. न्यूमोनियाने घट्ट झालेला भाग तर चक्क यकृतासारखा दिसतो! २०१५ साली 'पीडियाट्रिक्स' नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यात न्यूमोनिया असलेल्या १०० मुलांपैकी साधारण ९६ मुलांचा आजार सोनोग्राफीने पकडला होता. अर्थात ही जादू नाही. फुप्फुसाच्या कडेपर्यंत न आलेला न्यूमोनिया सुटू शकतो, आणि विषाणू की जिवाणू हे खात्रीने सांगता येत नाही.

मग अडतं कुठे? पहिलं उत्तर मिळतं, 'पीसीपीएनडीटी कायदा'. २०१२ च्या नियमानुसार पोर्टेबल मशीन नोंदणी झालेल्या जागेतच, दाखल रुग्णांसाठी वापरता येतं. नाहीतर इतर आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या पथकात. ऐकून मलाही वाटलं, खोकणाऱ्या बाळाला याचा जाच कशाला? पण शेजारचा बीड जिल्हा आठवा. २०११ च्या जनगणनेत तिथे शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. कायदा सैल करा म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

आणि गरजही नाही. नियम पुन्हा वाचा. वॉर्डात दाखल झालेल्या बाळाला तो आडवा येत नाही. गाडी पुढे अडते ती माणसांपाशी. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात होते. तेव्हा सगळ्यांनी औषधं आणि मनुष्यबळ यांवर प्रश्न विचारले. हाही तोच प्रश्न आहे. मुलांच्या वॉर्डाच्या नावाने नोंदवलेलं मशीन हवं आणि रात्री दोन वाजता ड्यूटीवर असलेल्या निवासी डॉक्टरला ते चालवता यायला हवं. पुढच्या वेळी कुणी नव्या मशीनची फीत कापताना दिसलं, तर एवढंच विचारा: रात्री हे कोण चालवणार?