जंगल कोणाच्या बापाचं?

दोस्तहो, नागपूरला म्हणे 'टायगर कॅपिटल'! भिंतीवर वाघ, हॉटेलच्या पाटीवर वाघ. या राजधानीची रयत कोण, एवढंच मला विचारायचंय.

३१ डिसेंबर २०२४. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. गोठणगावच्या सफारीत जिप्स्यांनी एक वाघीण अन् तिची पाच पिल्लं दोन्हीकडून कोंडली. गाडीतल्या शेटला फोटो पाहिजे! उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, बरंच झालं. पण पहिला बडगा कोणावर? ड्रायव्हर आणि गाइडवर. निलंबित! पैसा ज्याचा, हौस ज्याची, तो मागच्या सीटवर. मी गोदीत माल उतरवतो. ओझं आमच्या खांद्यावर, नफा भलत्याच्या खिशात. जंगलातही हाच हिशेब.

१० मे २०२५. सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघानं मारल्या. शेट वाघ पाहायला पैसे मोजतो, बाई पोटासाठी जीव मोजते. याला म्हणतात 'निसर्ग पर्यटन'!

मी वाघाचा वैरी नाही. वाघानं कोणाला गावकुसाबाहेर हाकललं नाही. हाकलणारे दोन पायांचे आहेत. चंद्रपूरला २९२० मेगावॉटचं वीजकेंद्र कोळसा जाळतं, तो 'विकास'. गोंडाची बाई डोक्यावर मोळी आणते, तो जंगलाचा नाश! वा रे शाश्वतता!

पेंचचं पाहा. मध्य प्रदेशच्या बाजूच्या आदिवासींना राष्ट्रीय उद्यानासाठी उठवलं. मग त्यांना तोतलाडोहाच्या पाण्यात मासे धरायला ३०५ परवाने, अन् तेही १९९७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडून टिकवावे लागले. वर अटी : फोटोचं ओळखपत्र बाळगा, काठावर चूल पेटवू नका. आपल्याच पाण्यावर आपणच परवानेवाले! २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर गेले, ते काय नुसती तहान भागवायला? पाणी कोणाचं, हा सवाल तेव्हाही होता. आजही आहे.

कोणी म्हणेल, हा आदिवासींचा प्रश्न, आपल्याला काय त्याचं? त्यानं पँथरचा १९७३ चा जाहीरनामा पुन्हा वाचावा. त्यात दलित म्हणजे एक जात नव्हे. अनुसूचित जमाती, भूमिहीन, कामगार, सगळे त्यात येतात.

मग करायचं काय? २००६ चा वनहक्क कायदा कागदावर आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं २००९ ला सामूहिक हक्क घेतला, गावानं बांबू स्वतः विकला. जंगल बुडालं काय? नाही. बुडाली ती ठेकेदाराची दलाली.

म्हणून आपली मागणी सरळ आहे. सफारीच्या फाटकाची चावी ग्रामसभेच्या हातात द्या. गाड्या किती सोडायच्या ते गाव ठरवील, तिकिटाचा पैसा गाव मोजील. वाघिणीची वाट अडवली तर आधी शेटचं पावतीपुस्तक फाडा, मग ड्रायव्हरचं बोला.

आणि आपण? शहरातल्या पोरांनी मोर्चे फक्त संविधान चौकापुरते ठेवू नयेत. पुढचा मोर्चा गोठणगावच्या फाटकावर न्या. गावकऱ्यांच्या मागं नाही, त्यांच्या खांद्याला खांदा लावून.

जंगल कोणाच्या बापाचं नाही. जो त्यात राबतो, त्याचं आहे.