बंदीचे दिवस आणि वडोदऱ्याची एक जुनी मंडळी



होड्या वर ओढून झाल्या, ताडपत्र्या बांधून झाल्या. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस दर्या बंद. पण घरखर्च काय बंद होत नाही. शाळेची फी, बँकेचा हप्ता, इंजिनाचं काम, सगळं याच दिवसांत दारात उभं राहतं. त्यात मागचा हंगाम कसा गेला ते आम्ही वेगळं सांगायला नको. डिझेल-बर्फाचा खर्चही निघाला नाही, अशा फेऱ्या बहुतेकांच्या वाट्याला आल्या.

अशा वेळी कोणी म्हणतं, "धीर धरा, देवावर भरवसा ठेवा." ठेवतोच की आपण! नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायला आपण चुकत नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग आलं, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं, तरी पुन्हा जाळी विणलीच ना? पण आमचं स्पष्ट मत आहे, देवावरच्या भरवशाला माणसांच्या भरवशाची जोड लागते. नुसत्या "धीर धरा"ने चूल पेटत नाही.

यावरून वडोदऱ्याची गोष्ट सांगतो. गायकवाडांचं शहर. तिथं दर्या नाही, विश्वामित्री नदी आहे. मराठी माणसांची वस्ती मात्र जुनी. ५ फेब्रुवारी १८८९ ला विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने तिथल्या काही मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांनी 'अन्योन्य सहायकारी मंडळी' काढली. अन्योन्य म्हणजे एकमेकांना. ज्याच्याकडे आज चार पैसे आहेत त्याने टाकायचे, ज्याला आज नड आहे त्याने घ्यायचे. आपल्या देशातल्या अगदी पहिल्या सहकारी संस्थांत तिचं नाव घेतात. सहकाराचा कायदा आला १९०४ साली. म्हणजे ही माणसं १५ वर्षं कायद्याच्या आधाराशिवाय, एकमेकांच्या शब्दावर चालली.

मंडळी जेमतेम दहा वर्षांची झाली आणि १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. गुजरातेत त्याला आजही 'छप्पनियो' म्हणतात, कारण ते विक्रम संवत १९५६ होतं. त्यातूनही मंडळी तगली. पुढे तिची बँक झाली, शंभरी ओलांडली.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. शंभरी ओलांडलेली ती बँक शेवटी अडचणीत आली आणि बंद पडली. म्हणून काय सगळं फुकट गेलं? आम्हाला तसं वाटत नाही. इतक्या पिढ्यांना नडीला आधार मिळाला, ते खरंच होतं. पण नाव कितीही जुनं आणि मोठं असो, भरवसा आपोआप टिकत नाही. होडीसारखंच आहे ते. दरवर्षी वर काढून फळी न् फळी तपासावी लागते.

म्हणून या बंदीत आपल्या सभासदांना हात जोडून सांगणं आहे. दलालाकडून आगाऊ उचल घेण्याआधी एकदा सोसायटीत या. आज उचल घेतली की उद्याच्या मासळीचा भाव तोच ठरवणार, हे आपल्याला ठाऊक आहे. "आपली नड चार लोकांना कशाला कळू द्या," असं म्हणून गप्प बसू नका. नड असणं ही लाज नाही, आज तुमच्याकडे तर उद्या आमच्याकडे. खलाशीबांधवांनाही हे सांगा. होडी मालकाची असली तरी बंदी दोघांच्या घरात येते. आणि वार्षिक सभेला नुसत्या चहाला येऊ नका, हिशेब मागा. आम्हालाही मागा. बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या आयाबहिणींनी तर नक्की या. बंदीत सुकी मासळी विकून घर त्याच चालवतात, पैशाचा हिशेब त्यांच्याइतका चोख कोणाला?

आशा म्हणजे पुढचा हंगाम चांगलाच जाईल याची खात्री नव्हे. ती खात्री कोणी देऊ शकत नाही, आम्हीही नाही. पण हंगाम वाईट गेला तरी आपण एकटे नसू, एवढं आपल्या हातात आहे. तेवढं करूया.

दर्या शांत झाला की भेटूच. त्याआधी सोसायटीत भेटूया.