कर्ज काढून कोट नको

डिसेंबरात पहाटे वडनेरच्या हायवेवर एसटीची वाट पाहताना कानाला दुपट्टा गुंडाळावा लागतो. आपली थंडीची ओळख तेवढीच. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून दरवर्षी राज्यातल्या अनुसूचित जातीच्या ७५ मुलामुलींची निवड होते. एखाद्या घरी ही बातमी आली की पेढे वाटून होतात आणि दुसऱ्या दिवशी आईला घोर लागतो, तिकडे बर्फ पडतो, लेकराले काय घालून पाठवू? मग बचत गटातून उचल घेऊन नागपूरहून दहा-बारा हजारांचे जाकीट येते. माझे स्पष्ट मत आहे, हे करू नये.

विमानात बहुधा २३ किलोची एक बॅग मिळते. जड कोट त्यातली निम्मी जागा खातो. शिवाय आपल्याकडचे जाकीट तिकडच्या वाऱ्यापावसाला पुरेलच असे नाही. कोट तिकडेच घ्यावा आणि वापरलेला घ्यावा. ब्रिटनमध्ये ऑक्सफॅमसारख्या संस्थांची जुन्या कपड्यांची दुकाने गावोगावी आहेत, अमेरिकेत गुडविलची आहेत. नव्याच्या पाव किमतीतही चांगला कोट मिळून जातो.

इथे घरातले जुने माणूस अडते. उतरलेले कपडे? बरोबर आहे त्यांचे. मेलेल्याच्या अंगावरचे कापड आपल्या आजा-पणज्याच्या वाट्याला यायचे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायांना लुगडे कसे नेसावे हेसुद्धा सांगितले, ते उगाच नाही. पण ते कपडे जात पाहून अंगावर टाकले जात. इथे आपली पोरगी दुकानात शिरते, चार कोट घालून पाहते, पैसे मोजते आणि पावती घेते. शेजारी कोणा प्रोफेसरची मुलगीही तेच करत असते. यात लाज कसली?

इथून न्यायचे ते अंगालगतचे. दोन-तीन थर्मलचे जोड, लोकरीचे पायमोजे, कानटोपी, हातमोजे, एक स्वेटर. नागपुरात हिवाळ्यात तिबेटी लोक स्वेटरची दुकाने लावतात, तिथे घासाघीस करून घ्यावे. एकाच जाड कपड्यापेक्षा तीन पातळ थर बरे, कारण थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते. कापूस पिकवणाऱ्या गावात हे सांगणे जड जाते, पण सुती बनियन अंगालगत नको. चालून घाम आला की सुती कापड ओलेच राहते आणि अंग गार पडते. सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारा कोट. काटकसर बुटात मात्र करू नका. जाड मोजा घालून बोटे हलली पाहिजेत, आवळ बुटात रक्त फिरत नाही आणि पाय जास्तच गारठतात. बोटे बधिर, पांढरी पडली तर शेकोटीवर धरायची नाहीत, चोळायचीही नाहीत. आत जाऊन कोमट पाण्यात ठेवायची आणि रंग परतला नाही तर डॉक्टरकडे जायचे.

आणि ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते सिकलसेल. विदर्भात आपल्या समाजात हा आजार बराच आहे. थंडी आणि कमी पाणी पिणे, दोन्हींनी सिकलसेलच्या रुग्णाला हाडे फोडणाऱ्या वेदनांचा झटका येऊ शकतो. थंडीत तहान लागत नाही, म्हणून पाणी आठवणीने प्यावे लागते. वाहकाला सहसा त्रास होत नाही, रुग्णाने मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय थंड देश निवडू नये. रुग्ण असलेल्या पोराने शिकायला जाऊच नये असे मी म्हणत नाही. औषधे, रिपोर्ट आणि तिकडच्या दवाखान्याचा पत्ता हाती ठेवून जावे. तपासणी सरकारी दवाखान्यात होते, सेवाग्रामलाही होते. कोटाचे पैसे जमवायच्या आधी, अर्ज भरतानाच ती करून घ्या.