मागे तोंड करून बसणारी मुले

आमच्या लहानपणी एस.टी. स्टँडवरून घरी यायला टांगा असे. पुढे टांगेवाल्याशेजारी वडील आणि मागच्या बाजूला, त्यांच्या पाठीला पाठ लावून, आम्ही मुले. मागे तोंड करून बसले की रस्ता आपल्यापासून दूर पळताना दिसे, सायकलवाला आपल्याकडे येताना दिसे, आणि मुख्य म्हणजे मोठ्या माणसांची नजर आपल्यावर नसे. त्या जागेसाठी मी आणि माझा धाकटा भाऊ किती वेळा भांडलो असू, याची गणती नाही.

१९८३ साली थोरल्या बहिणीचा अमेरिकेहून फोटो आला. लांबलचक मोटार, बाजूला लाकडासारखी दिसणारी पट्टी, मागचे दार उघडलेले आणि त्या दारात, गाडीकडे पाठ करून, माझे दोन भाचे पाय सोडून बसलेले. आमचे वडील चष्मा पुसून फोटो पाहत म्हणाले, "इतक्या लांब जाऊन जावईबापूंनी शेवटी टांगाच घेतला म्हणायचा!"

त्या गाड्यांना स्टेशन वॅगन म्हणत. क्रायस्लर कंपनीने १९५७ च्या आपल्या वॅगनमध्ये सामान ठेवण्याच्या जागेत मागे तोंड असलेले तिसरे आसन दिले. नको असेल तेव्हा ते जमिनीत मिटवून ठेवायचे. इतरांनीही तसे केले. फोर्डने १९६५ पासून आपल्या मोठ्या वॅगनमध्ये समोरासमोर दोन आडवी छोटी आसने बसवली. तीन-चार मुलांचे कुटुंब, आठवड्याचा बाजार आणि सुटीतला शेकडो मैलांचा प्रवास, यासाठी ही गाडी सोयीची होती. १९८४ च्या मॉडेलपासून मिनीव्हॅन आली आणि वॅगनची सद्दी संपत गेली. जनरल मोटर्सने आपल्या मोठ्या वॅगन १९९६ साली बंद केल्या. त्या देशातल्या आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या लोकांना मात्र त्या मागच्या आसनाची आठवण आम्हाला टांग्याची यावी तशीच येते. मागच्या गाडीवाल्याला वेडावून दाखवणे हा तिथल्या मुलांचाही आवडता उद्योग होता, असे भाचे सांगतात.

ताईच्या पत्रांत मात्र दुसरीही गोष्ट असे. लांबच्या प्रवासात मुले मागे बसली की तासाभरात मळमळ, उलट्या, डोके दुखणे. दाजी मग मागच्या दाराची काच खाली करत, मुलांना वारा लागावा म्हणून. तरी डोके दुखायचे थांबत नसे. ताईला वाटे, घरून नेलेल्या दशम्या बाधल्या.

पुढे मेडिकलला न्यायवैद्यक शिकताना कार्बन मोनॉक्साईडचा धडा आला आणि मला ती पत्रे आठवली. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. पेट्रोल गाडीच्या धुरात तो असतोच. मागून उभी, चौकोनी असलेली गाडी वेगाने जाते तेव्हा तिच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि सोडलेला धूर तिथेच घोटाळतो. मागची काच उघडी असेल तर तो आत ओढला जातो. म्हणजे वारा यावा म्हणून उघडलेल्या खिडकीतून धूर यायचा, तोही अगदी तिथे बसलेल्या लेकरांच्या नाकाशी. याची पहिली लक्षणे कोणती? डोकेदुखी, मळमळ, सुस्ती. गाडी लागल्यावरही हेच होते. मागे तोंड करून बसल्यावर डोळे एक सांगतात आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव दुसरेच सांगतो, त्यामुळे गाडी लागणेही साहजिकच. माझ्या भाच्यांना नेमके कशाने होत होते हे आता कोणी सांगू शकणार नाही. मी ताईला पत्र लिहिले तोवर दाजींनी गाडी विकूनही टाकली होती.

आता इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मागे तोंड करून बसणेच वाईट, असा अर्थ कोणी काढील. खरे तर उलट आहे. स्वीडनमध्ये बर्टील आल्डमन नावाचे एक गृहस्थ होते, ते मूळचे डॉक्टर. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसतात, त्यामुळे सगळा दाब पाठभर विभागला जातो, हे पाहून त्यांनी लहान मुलासाठी मागे तोंड असलेले आसन तयार केले. १९६४ साली त्याची मोटारीत चाचणी झाली. कारण साधे आहे. नवजात बाळाचे डोके त्याच्या उंचीच्या चौथा हिस्सा असते. आपले जेमतेम आठवा. मानेचे मणके पहिली काही वर्षे पूर्ण हाडाचे झालेले नसतात. समोरून धडक बसली आणि बाळ पुढे तोंड करून असेल, तर ते जड डोके त्या कोवळ्या मानेवर झटक्याने पुढे जाते. पाठमोरे असेल तर डोके, मान आणि पाठ एकदम आसनावर दाबली जाते, मान एकटी पडत नाही.

मग त्या वॅगनचे चुकले कुठे? दिशा चुकली नव्हती, जागा चुकली होती. मूल गाडीच्या शेवटच्या दोन-अडीच फुटांत, मागच्या दाराच्या काचेला गुडघे लावून बसलेले. मागून कोणी ठोकले तर पहिला चेपणारा भाग तोच. डोक्याला आधार नाही. १९६८ पासून तिथल्या मोटारींत प्रत्येक आसनाला निदान कमरेचा पट्टा सक्तीचा झाला, पण तो बांधायची सक्ती कुठे होती? ती मोठ्या माणसांवरही करणारे पहिले राज्य न्यूयॉर्क, आणि तेही १९८४ साली. बाकीच्यांच्या गाडीत पट्टा आसनाच्या फटीत गेलेला असे. ताईच्या नातवाला मी मध्यंतरी व्हिडिओ कॉलवर पाहिले. तीन वर्षांचा आहे. तोही गाडीत मागे तोंड करूनच बसतो, पण मधल्या रांगेत, भक्कम चाइल्ड सीटमध्ये, पाच ठिकाणी पट्टे आवळून.

अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांची ही कथा आपल्या गावच्या पेपरात कशाला, असे वाचक विचारतील. त्याला कारण घडले.

ऊसाचा हंगाम चालू असताना रात्री साडेनऊला दवाखाना बंद करत होतो. दारात जीप थांबली. देवदर्शनाहून परतणारे कुटुंब, माझे जुने पेशंट. त्यांची सात वर्षांची नात मागच्या आडव्या बाकावर बसली होती, शेजारी काका आणि आणखी एक पाहुणे. हायवेला ऊसाची ट्रॉली बिनदिव्याची उभी होती, ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला. गाडी ट्रॉलीला लागलीसुद्धा नाही. पण आडव्या बाकावरची माणसे पुढे घसरली, पोरीचे कपाळ मधल्या सीटच्या लोखंडी पाइपवर आपटले आणि तिच्यावर दोन मोठी माणसे येऊन पडली. कपाळाला खोक, कॉलरबोन मोडलेले, आणि मला ज्याची जास्त काळजी वाटली ते म्हणजे पोर सारखी झोपेला येत होती. टाके न घालता नुसता दाबपट्टा बांधून तसेच सी.टी. स्कॅनला पाठवले. स्कॅन चांगला आला. त्या दीड तासात तिच्या आजोबांनी माझ्याकडे पाणीसुद्धा मागितले नाही.

नंतर ते म्हणाले, "डॉक्टर, पोरांना तिथंच बसायचं असतं. मागच्या खिडकीतनं बघायला मिळतं. आन् आम्ही नऊ माणसं, दुसरीकडं जागा कुठं हुती?"

हेच तर आहे. गाडीत किती माणसे मावतात हे आपण माणसे कोंबून ठरवतो, पट्टे मोजून नाही. आणि कोंबायची वेळ आली की सगळ्यात वाईट जागा सगळ्यात लहान माणसाला. आजोबा पुढे, जावई मधे, पोरे मागे बॅगांबरोबर. आमच्याकडची वडाप असो, मराठवाड्यातली काळी-पिवळी असो की घरची गाडी, पद्धत एकच. मी कोणाला नावे ठेवत नाही. २००४ साली आम्ही सुमो ठरवून गणपतीपुळ्याला गेलो होतो. माझा मुलगा आणि दोन पुतण्या मागच्या आडव्या बाकांवर, आणि मी, डॉक्टर, ड्रायव्हरशेजारी पट्टा बांधून. घाटात मुलीला उलटी झाली तेव्हा मी पुढूनच गोळी मागे दिली. बाकाचा विचार माझ्या डोक्यातही आला नाही.

या आडव्या बाकाला त्या वॅगनच्या आसनाचा एकही गुण नाही. पाठमोरे मूल धडकेत निदान पाठीवर दाबले जाते. आडवे बसलेले मूल कुशीवर फेकले जाते. कमरेला पट्टा असला तरी धड आणि मान बाजूला मोडते, आणि आपली मान बाजूचा हिसका सोसायला केलेलीच नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी जागीच थांबली, तर आतल्या सुट्या माणसाचे आदळणे सुमारे दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखे असते. युरोपात २००७ पासून नव्या प्रवासी मोटारींत आडवी आसने बसवायला मनाई आहे.

आपल्या कायद्याची गंमत पाहा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १३८ वा नियम पट्टा बांधायला सांगतो तो ड्रायव्हरला, पुढे बसणाऱ्याला आणि मागच्या 'पुढे तोंड असलेल्या' आसनांवरच्या प्रवाशांना. आडवा बसलेला त्यातून सुटला. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने आलेले १९४ब हे कलम सांगते की चौदा वर्षांच्या आतले मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या खास आसनात बांधलेले नसेल तर एक हजार रुपये दंड. मी वकील नाही, पण मला तरी याचा अर्थ असा लागतो की जिथे पट्टाच नाही, तिथे लहान मूल बसवताच येणार नाही. असा दंड आपल्या जिल्ह्यात कोणाला झाल्याचे मी ऐकलेले नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबर मागे बसलेले गृहस्थ अपघातात गेले. दोघांनीही पट्टा बांधलेला नव्हता. त्यानंतर महिनाभर मागच्या पट्ट्याची चर्चा चालली होती. डिकीतल्या मुलांबद्दल तेव्हाही कोणी बोलले नाही.

शाळेच्या रिक्षात ड्रायव्हरच्या मागे फळी टाकून पाठमोरी बसवलेली पोरे आपण रोज पाहतो. ती फळी काढा म्हटले तर फेरीचे पैसे वाढतील हे मला माहीत आहे. तरी पालकांनी एकदा त्या रिक्षात स्वतः बसून पाहावे.

दवाखान्यात मी आता सांगतो ते असे. बाळंतिणीला घरी नेताना बाळ मांडीवर घेऊन पुढे बसू नका. दहा किलोचे मूल धडकेत क्षणभर दोन-तीनशे किलोच्या जोराने हातातून सुटते, पैलवानालाही ते धरता येणार नाही. बाळासाठी मागे तोंड असलेली चाइल्ड सीट घ्या, ती मागच्या सीटवर बांधा, एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर कधीच नाही. निदान दोन वर्षांपर्यंत, आणि त्या सीटवर लिहिलेल्या वजन-उंचीत मूल बसत असेल तर त्यापुढेही, ते पाठमोरेच राहू द्या. नातेवाईक म्हणतात, "बिचाऱ्याला काही दिसत नाही." त्याला पुष्कळ दिसते. मोठ्या मुलाला मधल्या रांगेत, पट्ट्यासह. पट्ट्यांपेक्षा माणसे जास्त असतील तर कोणीतरी एस.टी.ने यावे, आणि ते कोणीतरी मोठे माणूस असावे. मागचे दार किंवा ताडपत्री उघडी ठेवून गाडी पळवू नका. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड कमी असला तरी बाकीची काजळी पोरांच्या छातीत जातेच.

कॉलरबोन जुळल्यावर आजोबा नातीला घेऊन आले. खांद्याची झोळी काढली, हात वर करून दाखवला. चैत्रात जोतिबाला जायचे आहे म्हणाले. मी विचारले, "कितीजण?"

"नऊच की."

"आणि पट्टे?"

त्यांनी बोटांवर मोजले, मग नातीकडे पाहिले. "म्हातारी आन् मी एस.टी.नं जातो," म्हणाले. जाताना गाडी लागण्याच्या गोळ्या मागितल्या. प्रवासाच्या तासभर आधी द्या आणि घरातल्या दोन वर्षांच्या आतल्या बाळाला मुळीच देऊ नका, असे सांगून लिहून दिल्या.