भीड भिकेची बहीण

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर एका रविवारी मिस्सा संपता संपता आमच्या धर्मग्रामाच्या फादरांनी एक यादी वाचून दाखविली. सुटीतील शिबिरात मुलामुलींच्या संघाबरोबर कोणकोणते नायक राहावयाचे, त्यांची ती यादी. संघाचे नायक अकरा. यादीत नावे चारच. उरलेल्या सातांनी नेमून दिलेले प्रशिक्षण पुरे केले नव्हते, आणि ज्यांनी ते पुरे केले नाही त्यांच्या स्वाधीन मुले करता येणार नाहीत, एवढे सांगून फादर आशीर्वाद देण्यास वळले. त्यानंतर चर्चच्या अंगणात जे काही झाले त्यास कुजबुज म्हणणे हे सौजन्याचे होईल.

वगळलेल्या सातांत आमच्या शेजारच्या घरचा एक तरुण होता. बारा वर्षे त्याने मुलांना गाणी शिकविली, नाताळचा गोठा उभारला, स्वतःच्या दुचाकीत पेट्रोल घालून खेड्यावरच्या मुलांना सरावासाठी ने-आण केली. एका पैशाची अपेक्षा केली नाही. त्याची आई आमच्याकडे आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. आम्ही तिला धीर दिला आणि सायंकाळी फादरांच्या घरी शिष्टाई करावयास गेलो. आता लिहिताना संकोच वाटतो, पण आम्ही म्हणालो ते असे: "फादर, फुकट राबणाऱ्या माणसाला इतका जाच बरा नव्हे. एवढ्या खेपेस सूट द्या."

फादरांनी वाद घातला नाही. त्यांनी उलट आम्हांसच विचारले, "शिबिराची जागा नदीकाठी आहे. बुडालेल्या मुलाला काठावर आणले, तर पहिल्या मिनिटात तुम्ही काय कराल?" आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर दिले की, मुलाला पालथे घालू, पोट दाबू, पाणी बाहेर काढू.

"तुमच्या शेजाऱ्यानेही नेमके हेच सांगितले होते," फादर म्हणाले.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर हेच असेल, आणि ते चूक आहे. पोटातील पाणी काढण्याच्या खटपटीत जे क्षण जातात ते त्या मुलाच्या श्वासाचे असतात. श्वास थांबला असेल तर प्रथम तोंडाला तोंड लावून श्वास द्यावयाचा, मग छाती दाबावयाची, हे दोन्ही आळीपाळीने चालू ठेवावयाचे, आणि दुसऱ्या कोणी तेवढ्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावयाची. बुडणाऱ्याच्या मागोमाग पाण्यात उडी घेणे हाही पुष्कळदा पराक्रम नसून दुसरे मरण असते. आधी काठी पुढे करावी, दोर फेकावा, तरंगेल असे काही टाकावे. सर्पदंश झाला तर जखमेवर चिरा देऊ नये, ती तोंडाने चोखू नये, वर करकचून आवळू नये. दंश झालेला भाग हलू न देता प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात तत्काळ न्यावे. यातले काही उपजत येत नाही. मुलांवरच्या मायेनेही येत नाही. ते शिकावे लागते, आणि नुसते ऐकून भागत नाही, हाताने करून पाहावे लागते.

मग आपण आपल्या नायकांना ते शिकण्याचा आग्रह का करीत नाही? भीड भिकेची बहीण, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. येथे ती अक्षरशः लागू पडते. पगारी शिक्षकाकडे आपण पदवी मागतो, शाळेच्या बसचालकाकडे परवाना मागतो. मात्र जो पदरमोड करून येतो त्याच्याकडे काही मागणे आपल्याला कृतघ्नपणाचे वाटते. आपण त्याच्या गळ्यात हार घालतो आणि त्याला रिकाम्या हाताने नदीवर पाठवितो. नदी काही पगारी आणि बिनपगारी असा भेद करीत नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्या सातांपैकी पाचांशी बोललो. एक जण उद्यमबागेतील फाउंड्रीत कामाला आहे. प्रशिक्षण ठेवले होते शनिवारी, आणि खाडा झाला की मजुरी बुडाली. परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या एका मुलीची त्याच सुमारास रात्रपाळी चालू होती. तिसऱ्याने सांगितले की व्याख्याने इंग्रजीत झाली. दोन तास मान डोलावली, निम्मे कळले, दुसऱ्या दिवशी गेलो नाही. ज्या खेड्यावरच्या नायकाच्या घरी मराठी आणि कोंकणी बोलतात, त्याला इंग्रजीत बालसंरक्षण शिकविण्यात कोणाचा लाभ होता, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही. चौथा केवळ आळशी होता. तसे त्याने स्वतःच कबूल केले. अशी कारणे देणारे लोक विरळा.

पाचवा आमचा शेजारी. तो म्हणाला, "काका, प्रश्न वेळेचा नाही. बारा वर्षांनंतर मला मुलांशी कसे वागावे याचा वर्ग? म्हणजे माझ्यावर संशयच ना?"

या बोलण्याला आम्हांस चटकन उत्तर सुचले नाही, कारण तो खोटे बोलत नव्हता. दुखावलेला माणूस बोलत होता. पण जो नियम एकाच माणसावर लादला जातो तो संशय, आणि जो फादरांपासून स्वयंपाकिणीपर्यंत सर्वांना लागू होतो ती शिस्त. बंद खोलीत एकट्या मुलाबरोबर एकटे न बसणे, सहलीला किमान दोन प्रौढ असणे, आईबापांना ठाऊक नसताना रात्री मुलांना फोनवर संदेश न पाठविणे: हे नियम मुलाचे रक्षण करतात, तसेच सरळ मनाच्या नायकाचेही करतात. वाईट मनाच्या माणसास मात्र ते अडचणीचे होतात. तो हसतमुख असतो, मदतीला तत्पर असतो, आणि 'घरच्यासारख्या माणसाला कसले नियम?' या आपल्या भिडेवरच त्याचा भरवसा असतो.

कायद्याविषयीही येथे दोन शब्द लिहिले पाहिजेत. मुलांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा २०१२ सालचा कायदा, ज्यास सर्वजण पॉक्सो म्हणतात, असा अपराध झाल्याचे ज्याला कळले त्या प्रत्येकावर पोलिसांस खबर देण्याचे कर्तव्य टाकतो. जो गप्प राहील त्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हाताखालच्या माणसाचा अपराध संस्थेच्या प्रमुखाने लपविला तर वर्षापर्यंत कारावास आणि दंड. या कायद्याखाली २०२० साली जे नियम झाले त्यांनुसार मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करावयाची आहे आणि त्यांना बालसुरक्षेचे प्रशिक्षण वेळोवेळी द्यावयाचे आहे. नियमात शब्द कर्मचाऱ्यांचा आहे हे खरे. पण समोरचा दादा पगारी आहे की स्वयंसेवक, हे मुलाला कुठे ठाऊक असते? ख्रिस्तसभेनेही, २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी काढलेल्या आज्ञापत्राद्वारे, अशा अपराधाची खबर वरिष्ठांस देणे धर्मगुरूंवर व व्रतस्थांवर बंधनकारक केले. तो धडा ख्रिस्तसभा फार उशिरा शिकली, आणि त्या उशिराची किंमत मुलांनी मोजली. हे आपल्या साप्ताहिकात लिहिणे सुखाचे नाही. न लिहिणे अधिक वाईट.

अंगणातील चर्चेत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले होते, "डॉन बॉस्कोंनी कोणते प्रमाणपत्र घेतले होते?" प्रश्न जोरकस होता, पण इतिहास त्यांच्या बाजूचा नाही. १८४१ साली गुरुदीक्षा झाल्यानंतर डॉन बॉस्को तडक मुलांचे पुढारी झाले नाहीत. तुरीन येथे नवदीक्षित धर्मगुरूंसाठी जी प्रशिक्षणसंस्था होती तीत ते आणखी तीन वर्षे शिकले, आणि तेथील त्यांचे गुरू संत जोसेफ काफासो यांनीच त्यांना तुरुंगांत नेऊन तेथे खितपत पडलेली मुले दाखविली. मायेचा तुटवडा त्यांना खचित नव्हता.

असो. फादरांनी यादी बदलली नाही, पण प्रशिक्षण बदलले. उत्तरार्धाचे श्रेय थोडे आमच्या पदरात पडावे, कारण त्या पाचांची गाऱ्हाणी आम्हीच त्यांच्या कानी घातली होती. दोन सायंकाळ आणि एक रविवार, धर्मग्रामाच्याच सभागृहात, मराठीतून. खेड्यावरच्यांना बसभाडे. ज्याचा एक भाग हुकेल त्याला तेवढाच भाग पुढच्या तुकडीत पुरा करण्याची मुभा. तोपर्यंत संघाची मुले महिलामंडळाने सांभाळली. पहिल्या बाकावर स्वतः फादर बसले, आणि रबरी पुतळ्याची छाती दाबताना त्यांना जो दम लागला तो पाहून सभागृहातला ताण बराचसा उतरला. शिबिरास अकरांपैकी नऊ नायक गेले. आमचा शेजारी त्यांत होता. आळशी म्हणविणारा अखेरच्या क्षणी धावत आला होता.

शिबिर निर्विघ्न पार पडले. नदीने कोणाची परीक्षा घेतली नाही. परीक्षा झाली ती पावसाळ्यात, आणि तीही अगदी निराळी. संघातील एका मुलाने त्या परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलीला एकदा हळूच काही सांगितले. संघाबाहेरच्या एका माणसाविषयी ते होते. तिने ते शांतपणे ऐकून घेतले. 'कोणाला सांगणार नाही' असे वचन दिले नाही. खोदून खोदून विचारले नाही, त्या माणसाला जाब विचारावयासही गेली नाही. मुलाचे शब्द होते तसे कागदावर उतरविले आणि त्याच सायंकाळी फादरांसह जिथे कळवावयाचे तिथे कळविले. मुलांच्या मदतीसाठी असलेला १०९८ हा क्रमांक तिला पाठ होता. ते मूल आज सुरक्षित आहे. याहून अधिक लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही, आणि वाचकांनीही शोध घेऊ नये.

तिला नंतर आम्ही विचारले, उन्हाळ्यापूर्वी हे घडले असते तर? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी त्याला गप्प बस म्हटले असते, काका. घाबरून."

अद्याप दोन नायक उरले आहेत. शिवाय रविवारच्या धर्मशिक्षणाला अधूनमधून मदत करणारे आम्हांसारखे चारसहा जण आहेत, ज्यांच्याविषयी आजवर कोणी काही विचारलेच नव्हते. पुढील तुकडी दिवाळीनंतर आहे. परवा आम्ही नाव द्यावयास गेलो, तेव्हा फादरांनी वहीतून मान वर न करता एवढेच विचारले, "जमिनीवर गुडघे टेकून बसता येते ना?"