सेवेचा मक्ता कोणाचा?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी स्वतंत्र आदेशपत्र काढले. स्नानसंस्कार व दृढीकरण यांद्वारे प्रभू स्वतःच प्रत्येकाला हे कार्य सोपवितो, असे त्यात सांगितले आहे. तरीही सेवेचा सारा मक्ता धर्मगुरू व धर्मभगिनींच्या हवाली करून आपण मोकळे झालो आहोत. फेस्ताच्या रोषणाईसाठी आपली वर्गणी तत्काळ जमते. शेजारी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेसाठी अर्धा तास सापडत नाही. ‘फादर जातील की!’ ही आपली पळवाट. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायासनापुढे मात्र भुकेल्याविषयी व आजाऱ्याविषयी जाब ज्याचा त्याला द्यावा लागेल. तेथे फादर आपल्या वतीने उत्तर देणार नाहीत. ‘मिस्सा’ या लॅटिन शब्दाच्या मुळाशीच पाठवणी आहे. म्हणून आम्ही विचारतो, पाठविलेल्या माणसांनी चर्चच्या अंगणातच किती काळ रेंगाळावे?