दगड उचला, मग निघा

गाडी बंद पडणे हा कोणाचा गुन्हा नाही. पण गाडी चालू झाल्यावर चाकामागचे दगड रस्त्यातच टाकून जाणे चूक आहे, असे माझे मत आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही किनवटहून माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला गेलो. चढावर जीप तापली, वाफ निघू लागली. मामांनी चाकामागे दोन मोठे दगड लावले. आम्हा लेकरांना रस्त्यापासून लांब बसवले. बाबा रेडिएटरचे झाकण उघडू लागले. मामा ओरडले, "दाजी, थांबा! गरम पाणी उडून तोंड भाजंल."

इंजिन थंड झाल्यावर पाणी ओतले. जीप चालू झाली. सगळे घाईने बसले. पण आजी बसेना. ती म्हणली, "आधी दगड उचला. रात्री कोणाचं लेकरू फटफटीवर येईल." बाबांनी दगड उचलून कडेला टाकले.

काही जण म्हणतात, "मागचा बघून घेईल." पण अंधारात तो बघणार कसा? गाडीला दिवा असतो, दगडाला नसतो.

म्हणून पालकांनो, दगड जरूर लावा, पण जाताना उचला. कोणी दगडावर पडलेला दिसला तर लगेच ११२ नंबर लावा.

– इयत्ता ४ थी